दिवाडीचा बिशप, बाणावलीचा संत

गोव्यातल्या ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की बोलणं इन्क्विझिशन आणि बाटवाबाटवीवर येऊन थांबतं. इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं, मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्याचं समर्थन कुणी करू नये. मात्र त्यावरून आपण असंही धरून चालतो की चर्च म्हणजे पोर्तुगीज सत्ता आणि स्थानिक ख्रिस्ती म्हणजे तिच्यापुढे मान तुकवणारा माणूस. सतराव्या शतकातल्या गोवेकर पाद्र्यांची चरित्रं वाचली की हे चित्र टिकत नाही.

रोमचे पोप आणि लिस्बनचा राजा एकाच सुरात बोलत होते, हा त्यातला पहिला गैरसमज. पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा आणि चर्चचा कारभार पाहण्याचा हक्क पोपनीच पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढे रोमला तो हक्क डाचू लागला. १६२२ मध्ये पंधरावे पोप ग्रेगरी यांनी ‘प्रोपागांदा फिदे’ ही संस्था काढली आणि जगभरचं धर्मप्रसाराचं काम थेट रोमच्या देखरेखीखाली आणायला सुरुवात केली. या संस्थेचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली स्थानिक लोकांतून पाद्री आणि बिशप घडवले पाहिजेत, असा आग्रह धरत. याच संस्थेने १६५९ मध्ये चीन आणि व्हिएतनामकडे निघालेल्या बिशपांना लेखी बजावलं, की धर्माला आणि नीतीला उघड बाधा येत नसेल तर तिथल्या लोकांच्या चालीरीती बदलायला जाऊ नका. लिस्बनला हे सगळं आपल्या हक्कावरचं आक्रमण वाटलं आणि दोन्ही बाजूंची भांडणं पिढ्यानपिढ्या चालली.

या भांडणातच लॅटिन पंथाचा पहिला भारतीय बिशप पुढे आला. तो मान बऱ्याचदा १९२३ मध्ये तुतिकोरिनचे बिशप झालेल्या तिबुर्तियस रोश यांना दिला जातो. पण त्यांच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी, १६३७ मध्ये, गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउस दे कास्त्रो बिशप झाले होते. गोव्याच्या आर्चबिशपनी त्यांना पाद्रीपदाची दीक्षा नाकारली, म्हणून हा तरुण थेट रोमला गेला, तिथे शिकला आणि दीक्षा घेऊन परत आला. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांची कागदपत्रं मानायला नकार दिला. ते पुन्हा रोमला गेले आणि या वेळी बिशप होऊन आले. पोर्तुगीज हद्दीत थारा मिळेना, तेव्हा त्यांनी आदिलशाही मुलखात, डिचोलीला, मुक्काम केला. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा अर्थाच्या नावाचं जळजळीत पत्र लिहिलं आणि पोर्तुगीज कारभारावर कोरडे ओढले. आदिलशहाशी आणि डचांशी संगनमत केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. अखेर ते रोमला परतले आणि तिथेच वारले. माझ्या मते पोर्तुगीज सत्तेला उघड आव्हान देणाऱ्या पहिल्या गोवेकरांत त्यांचं नाव घ्यायला हवं.

एकदा बाप्तिस्मा झाला की सगळे सारखे, असंही समजलं जातं. प्रत्यक्षात जेझुइट, फ्रान्सिस्कन वगैरे युरोपीय संघांची दारं भारतीयांना जवळजवळ बंदच होती. १५७५ मध्ये पाद्री झालेले केरळचे जेझुइट पेरो लुईस यांच्यासारखा एखादाच अपवाद सापडतो. म्हणून गोवेकर पाद्र्यांनी १६८० च्या दशकात जुन्या गोव्यात स्वतःचा संघ उभारला. संत फिलिप नेरी यांच्या नियमावर चालणारी ही गोव्याची ओरेटरी. पण तिच्यातही ब्राह्मण घराण्यांतलेच पाद्री घेतले जात. जात धर्मांतराबरोबर सुटली नव्हती, हे इथे स्पष्ट सांगायलाच हवं.

या ओरेटरीचं सगळ्यात मोठं काम श्रीलंकेत झालं. तिथला कॅथलिक समाज पोर्तुगीजांच्या बळावर टिकला, असं अनेकांना वाटतं. पण डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना जिंकलं, कॅथलिक पूजेवर बंदी घातली आणि पाद्री हाकलून दिले. पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना पाद्रीच नव्हता. बाणावलीत जन्मलेले, ओरेटरीचे पाद्री जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या एका सोबत्याबरोबर जाफन्याला उतरले. त्यांच्या पाठीशी ना आरमार होतं ना खजिना. रात्री लपूनछपून ते घरोघरी जात. १६९२ मध्ये कँडीला पोचताच पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. पण तिथल्या बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, त्यांना ओळखलं आणि पुढे मोकळेपणाने काम करू दिलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा या पाद्र्याने केली. एका ख्रिस्ती सत्तेने बंदी घातलेल्या कॅथलिकांना बौद्ध राजाने आसरा दिला, ही गोष्ट धर्माच्या नावाने भांडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. वाझ यांच्यामागून आणखी गोवेकर पाद्री गेले. दिवाडीचे जाकोमे गोन्साल्विस तर सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहून गेले की सिंहली ख्रिस्ती साहित्याचा पाया त्यांनी घातला असं मानतात. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

मात्र वाझ हे भारतात जन्मलेले पहिले संत नव्हेत. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत झाले.

पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये गोव्यातले धार्मिक संघ बंद केले, त्यात ओरेटरीही संपली. जुन्या गोव्यात बॉम जेझूसचं चर्च पाहायला गर्दी असते, पण ओरेटरीच्या चर्चचे अवशेष तिथून फार लांब नाहीत. पुढच्या खेपेला थोडी वाट वाकडी करून तिथेही जा.