शब्द कोठें तोडावा?

अशी कल्पना करा कीं, शाळेंतून एका दुकानदाराकडे चिठ्ठी गेली आणि तींत एकच ओळ आहे : 'पुस्तकेंदहावीसहवीं'. दुकानदारानें ती 'पुस्तकें दहा वीस हवीं' अशी वाचली, तर तो दहा-वीस पुस्तकें बांधून देईल. 'पुस्तकें दहावीस हवीं' अशी वाचली, तर तो दहावीच्या वर्गाचीं पुस्तकें शोधूं लागेल. अक्षर एकही बदललें नाहीं. शब्द निराळ्या ठिकाणीं तोडला, एवढ्यानेंच अर्थ पालटला. तेव्हां ओळीचे शब्द कोठें तोडावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आज संगणक हें काम कसें करितो, तें समजावून सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या पूर्वजांस ही अडचण नित्याची होती. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग बोरूनें तिच्याखालीं अक्षरामागून अक्षर जोडीत जाई. दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळीत नसत. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, त्या मोहिमेचीं पत्रें अशाच मोडींत लिहिलेलीं आहेत. १९३० पासून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत छापून निघाले. ते आज आपणांस सुखानें वाचतां येतात, याचें कारण कोणा जाणकारानें ओळ न् ओळ लावून शब्द वेगळे केले आहेत. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद मोडींत असतील. त्यांत शब्द भलत्याच ठिकाणीं तुटला, तर एखादें नांव किंवा शेताची सीमाही चुकावयाची.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. युरोपांतही जुन्या लॅटिन पोथ्या सलग अक्षरांत लिहीत. सातव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडमधील मठवासी लेखकांनीं शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल पाडली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. म्हणून शब्द कोठें संपतो हें त्यांस डोळ्यांनीं दिसावें लागे. ज्यास भाषा परकी, त्यास रिकाम्या जागेची गरज अधिक, असा याचा अर्थ.

संगणकास तर प्रत्येकच भाषा परकी. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कुर्त्झ या दोन अध्यापकांनीं 'बेसिक' नांवाची आज्ञाभाषा तयार केली. गणित अथवा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही संगणक वापरतां यावा, ही त्यांची इच्छा होती. आपल्या देशांत १९८४-८५ सालीं 'क्लास' नांवाच्या सरकारी योजनेखालीं कांहीं शाळांत बी.बी.सी. मायक्रो हे संगणक आले, त्यांवरही बेसिकच चाले. आजच्या पालकांपैकीं कोणी त्यावर पहिला धडा गिरविला असेल.

बेसिकमध्यें वाक्याचे शब्द पाडण्याची रीत अशी. 'वसईचा किल्ला पाहिला' हें वाक्य घ्या. डाव्या हाताचें बोट पहिल्या अक्षरावर स्थिर ठेवा आणि उजव्या हाताचें बोट एकेक अक्षर पुढें सरकवा. रिकामी जागा लागली कीं थांबा. दोन्ही बोटांच्या मधला भाग, म्हणजे 'वसईचा', हा पहिला शब्द. तो टिपून ठेवा. मग डावें बोट त्या जागेच्या पुढच्या अक्षरावर आणा व पुन्हा तसेंच करा. वाक्याची लांबी सांगणारी आज्ञा 'लेन' आणि मधला तुकडा काढून देणारी आज्ञा 'मिड', या दोहोंच्या साह्यानें संगणक हीच बोटें चालवितो. मनुष्यास रिकामी जागा म्हणजे कांहींच नव्हे. संगणकास मात्र ती इतरांसारखेंच एक अक्षर असून तिचा क्रमांक ३२ आहे. हा क्रमांक भेटला कीं शब्द संपला, एवढेंच त्यास ठाऊक.

यांत नवशिक्याच्या हातून दोन चुका हटकून होतात. पहिली, शेवटचा शब्द हरवतो. कारण 'पाहिला' च्या पुढें जागाच नाहीं. उपाय सोपा : आरंभींच वाक्याच्या शेवटीं एक रिकामी जागा जोडावी. दुसरी, कोणी दोन शब्दांत दोन जागा सोडल्या असतील, तर मध्येंच एक पोकळ शब्द निघतो. म्हणून दोन्ही बोटें एकाच ठिकाणीं आलीं असतां कांहीं टिपूं नये, नुसतें पुढें जावें. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तींत 'स्प्लिट' ही तयार आज्ञा मिळाली. परंतु पोकळ शब्दांची काळजी तीही आपण होऊन घेत नाहीं.

मराठीविषयीं आणखी एक सावधगिरी. 'किल्ला' हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र तो क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल आणि काना अशा सहा खुणांनीं साठवितो. म्हणून केवळ खुणा मोजून तोडूं गेल्यास अक्षर मध्येंच फुटतें. रिकाम्या जागेवर तोडल्यास हें भय नाहीं.

आतां या सर्वांतून घ्यावयाचा बोध. हिंदींत 'वसई से' हे दोन शब्द होतात; मराठींत प्रत्यय जोडून 'वसईहून' हा एकच. शब्दयोगी अव्ययही आपण जोडूनच लिहितों. तरी आजकाल पाट्यांवर व भ्रमणध्वनीवरील निरोपांत 'शाळे समोर', 'घरा मध्यें' असें तोडून लिहिलेलें पुष्कळ दिसतें. वाचणारा मनुष्य तें सांभाळून घेतो. वर सांगितलेली रीत सांभाळून घेत नाहीं. तिच्या हिशेबीं 'शाळे' हाही एक निराळा शब्द ठरतो, आणि 'शाळेसमोर' हा शब्द शोधूं गेल्यास ती ओळ सांपडतच नाहीं. मोडी वाचणाऱ्यानें न सोडलेली जागा आपल्या बुद्धीनें भरून काढिली. आपणांस ती जागा सोडण्याची सोय मिळाली आहे. ती जेथें हवी तेथेंच सोडावी आणि नको तेथें सोडूं नये, एवढें लिहिणाऱ्याचें कर्तव्य आहे.