नळ बंद करणाऱ्या गोष्टी

'निपुण भारत' अभियानाची मुदत २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाशी येऊन ठेपते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानाने तिसरीच्या मुलासाठी एक सरळ कसोटी ठेवली: मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून, वाचता आले पाहिजेत. कसोटीबद्दल तक्रार नाही. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापुढे पुस्तकांचे गोडवे गाण्यात काही हशील नाही. खुपते ती दुसरीच गोष्ट. वाचनाची गोडी लावण्याच्या नावाखाली शाळांच्या वाचनकोपऱ्यांत आणि दुकानांच्या मांडण्यांवर जी चित्रपुस्तकं येऊन बसली आहेत, त्यांतली कितीतरी 'उद्याचा चांगला नागरिक' घडवायला निघालेली दिसतात. मुलगी दात घासताना नळ बंद करते. मुलगा कापडी पिशवी घेऊन बाजारात जातो. खोडकर माकड शेवटी कचरा डब्यात टाकायला शिकतं. मग तळाशी प्रश्न येतो, या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात? उत्तर आधीच ठरलेलं असतं, मुलाने ते फक्त ओळखायचं असतं. जग सुधारण्याचा सगळा भार असा सात वर्षांच्या मुलाच्या सवयींवर टाकला जातो, आणि ज्या घरात नळच पोचलेला नाही त्या घरातलं मूल या पुस्तकांत कुठेच नसतं.

हे असंच असायचं, असं कुणाला वाटेल. पण याच देशात, फार जुनी नव्हे अशी पुस्तकं निघाली, ज्यांनी जग सुधारण्याचा विचार अगदी उलट्या टोकाने केला. १९९९ ते २०११ हा साधारण त्यांचा काळ. त्याआधीचं सारं थोडक्यात उरकता येतं. १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर पिल्लै यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट अशा दोन्ही संस्था उभ्या राहिल्या आणि नव्या राष्ट्राचं मूल हा त्यांचा विषय झाला. पुस्तकं स्वस्त होती, काही चित्रं अप्रतिम होती. पण जग सुधारणं म्हणजे थोरामोठ्यांचं चरित्र वाचून त्यांच्यासारखं होणं, असा एकूण हिशेब होता. १९६७ पासून आलेल्या अमर चित्रकथेने तोच हिशेब अधिक चकचकीत केला. सोव्हिएत पुस्तकं मराठीतही आली, १९९१ मध्ये तो देश कोसळला तेव्हा तो झराही आटला. त्या पुस्तकांची हळहळ आजही ऐकू येते, पण तिच्यात कागद आणि किमतीचा वाटा मोठा आहे. त्यांतली सामूहिक शिस्त आपल्या मुलांना किती भिडली, हे कुणी फारसं विचारत नाही.

नंतरचं दशक वेगळं ठरलं, कारण काही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. चेन्नईत १९९६ साली सुरू झालेल्या तूलिकाने एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याची रीत पाडली आणि त्या भाषांत मराठी होती. २००४ मध्ये बंगळुरूत प्रथम बुक्स आलं, ते थेट स्वस्ताई आणि अनेक भाषा हेच ध्येय ठेवून. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने, ज्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल होते, शाळेतल्या ज्ञानाची शाळेबाहेरच्या जगण्याशी गाठ घालण्याचा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असणं हा निकषच केला. कायदा, शिक्षणविचार आणि प्रकाशक यांची तोंडं काही काळ एका दिशेला होती. असं आपल्याकडे क्वचित घडतं.

त्या काळातल्या एका पुस्तकावर जरा थांबायला हवं. महाश्वेता देवींची 'द व्हाय-व्हाय गर्ल' तूलिकाने २००३ च्या सुमारास काढली. चित्रं कन्यिका किणी यांची. मोयना ही शबर जमातीतली मुलगी, शाळेत न जाणारी, बाबूंच्या शेळ्या राखणारी. ती सतत 'का' विचारते. पाणी आणायला एवढं लांब का जायचं, आपण पानांच्या झोपडीत का राहायचं, दोन वेळा भात का मिळत नाही, मालकाचं काम आपण केलं तर आभार आपणच का मानायचे? या प्रश्नांना पुस्तक गोड उत्तरं देत नाही. मोयनाला स्वतः जाऊन उत्तरं शोधायची वाट सापडते आणि त्या वाटेवर ती वाचायला शिकते. आता हा क्रम आणि आजच्या पुस्तकांचा क्रम शेजारी ठेवून पाहा. आज मूल आधी वाचायला शिकतं आणि मग त्याला बोध मिळतो. मोयनाला आधी प्रश्न पडतो आणि तो पडला म्हणून अक्षरं लागतात. पाण्याविषयीची दोन पुस्तकं आहेत असं समजा: एक मुलाला पाणी वाचवायला सांगतं, दुसरं पाणी कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे दाखवतं. पहिल्याने मूल आज्ञाधारक होईल. जग सुधारण्याची शक्यता मात्र दुसऱ्यातच आहे, कारण बिघाड कुठे आहे हे ठाऊक नसताना सुधारणा कसली करणार?

मोयना एकटी नव्हती. शीला धीर यांच्या १९९९ च्या 'व्हाय आर यू अफ्रेड टू होल्ड माय हँड?' मध्ये अपंग मूल इतरांच्या चुकचुकण्याला उत्तर देतं; दया मागत नाही. नीना सबनानी यांच्या 'मुकंद अँड रियाझ' मध्ये १९४७ च्या कराचीतल्या दोन मित्रांची ताटातूट आहे. ती सबनानींच्या वडिलांच्या आठवणीवर बेतलेली, कापडाचे तुकडे जोडून काढलेल्या चित्रांतून सांगितलेली. फाळणीचा दोष कुठल्याही धर्माच्या माथी न मारता, मैत्री तुटते तेव्हा काय होतं एवढंच ते पुस्तक दाखवतं. २००७ मध्ये नवयान प्रकाशनाने काढलेल्या 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' मध्ये कांचा इलैया यांनी कुंभार, चर्मकार, परीट, न्हावी यांच्या कामांतलं शास्त्र उलगडलं आणि दुर्गाबाई व्याम यांनी त्याला गोंड चित्रं दिली. श्रमाला प्रतिष्ठा द्या, असा उपदेश करण्यापेक्षा कातडं कमावण्यात किती ज्ञान लागतं हे सांगणं अधिक परिणामकारक, हे त्या पुस्तकाने सिद्ध केलं. २००८ मध्ये हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने 'डिफरंट टेल्स' ही मालिका आणली. तिच्यात दलित, मुस्लीम, गरीब घरांतली मुलं होती. ती कुणाच्या उद्धाराची वाट पाहत नव्हती, ती आपापल्या घरात जेवत, भांडत, हसत होती. ही मालिका इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममध्ये निघाली. मराठीत नाही.

इथे मराठीचा जुना हिशेब काढणं भाग आहे. त्या दशकात मराठीजवळ माधुरी पुरंदरे होत्या आणि हे भाग्य लहान नाही. जे. जे. मध्ये आणि पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेली, स्वतःच लिहिणारी आणि स्वतःच चित्रं काढणारी लेखिका 'राधाचं घर' सारख्या पुस्तकांतून उपदेशाचा लवलेश नसलेलं घर उभं करत होती. २०१६ मध्ये पहिला बिग लिट्ल बुक पुरस्कार मराठीसाठी ठेवला गेला आणि तो त्यांना मिळाला, यात आश्चर्य नव्हतं. पण एका व्यक्तीच्या कामावर भाषेची परंपरा तोलून धरता येत नाही, आणि ते घर मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचं आहे, हा दोष त्यांचा नाही. बाकीची घरं दाखवायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, हा दोष आपला आहे. ज्या भाषेने दलित साहित्य भारताला दिलं, तिच्या चित्रपुस्तकांत त्या साहित्याचा निखारा फारसा आलाच नाही. बाबासाहेबांच्या बालपणीची तहान आणि महाडचं तळं 'भीमायन' मध्ये चितारलं गेलं ते दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या भोपाळच्या चित्रकारांकडून, २०११ मध्ये, दिल्लीच्या नवयानकडून, इंग्रजीत. त्याच वर्षी त्याच प्रकाशकाने जोतीराव फुल्यांवर 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' काढलं. दोन्ही थोड्या मोठ्या मुलांची पुस्तकं, तरी प्रश्न उरतोच. महाड आणि पुणे दोन्ही आपली. ती चित्रांत आणायचं धाडस बाहेरून का यावं लागलं? आपल्याकडे चित्रकाराला मानधन देऊन मोकळं व्हायचं, लेखकाचं नाव मोठं आणि त्याचं बारीक, चित्र म्हणजे मजकुराची सजावट, ही सवय आड आली. चित्र जिथे सजावट असतं तिथे ते मजकुरापेक्षा वेगळं काही सांगू शकत नाही आणि मग सांगायला फक्त बोध उरतो.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, लहानग्यांवर जातपात, फाळणी, भूक यांचं ओझं कशाला? मुलांना निरागस राहू द्या. पण ही निरागसता कुणाच्या मुलाची, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. शेळ्या राखणाऱ्या मुलीला भूक पुस्तकातून कळत नाही. तिला पुस्तकातून कळतं ते इतकंच, की तिच्या जगण्यावर पुस्तक होऊ शकतं. ज्या मुलाने भूक पाहिली नाही त्याच्यासाठी ती जाणीव नवी असते, आणि ती पेलत नसती तर मुलांनी मोयनाचे प्रश्न ऐकून कान झाकले असते. मुलं तसं करत नाहीत. ती आणखी चार प्रश्न विचारतात. अडचण होते ती उत्तर द्यावं लागणाऱ्या मोठ्यांची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही पुस्तकं पोचली किती जणांपर्यंत? शहरातल्या ठरावीक दुकानांत, ठरावीक पालकांकडे. उलट प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला स्टोरीवीव्हर सुरू केलं, पुस्तकं मुक्त परवान्याखाली खुली केली आणि गोंडी, कोरकू यांसारख्या भाषांतही ती वाचता येऊ लागली. हे श्रेय मनापासून दिलं पाहिजे. विदर्भातल्या मुलाला त्याच्या भाषेतली गोष्ट मिळणं, हाच जग सुधारण्याचा एक भाग आहे. तरी पोच आणि आशय यांतलं एक निवडा, हा पर्यायच खोटा आहे. एनसीईआरटीच्या २००८ च्या 'बरखा' मालिकेत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पायरीपायरीने लावलेली चाळीस हिंदी पुस्तकं होती, सरकारी आणि स्वस्त. त्यांत मुलांचं रोजचं जगणं होतं आणि बोधाची शेपटी नव्हती. म्हणजे वाचन शिकवणं आणि उपदेश टाळणं, दोन्ही एकाच वेळी, तेही सरकारी पैशात, करता येतं. आज ते होत नसेल तर ती अपरिहार्यता नव्हे, तो निवडीचा दोष आहे. पुस्तकं निवडणाऱ्यांना मोजता येणारा बोध सोयीचा वाटतो. 'पाणी वाचवा' हा रकाना भरता येतो, 'मुलाने प्रश्न विचारला' हा भरता येत नाही.

तिसरा आक्षेप: पुस्तकाने जग सुधारतं याचा पुरावा काय? पुरावा नाही, आणि नळ बंद करणाऱ्या पुस्तकांकडे तो कुणी मागतही नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. मूल जे आधीच पाहत असतं त्याला चांगलं चित्रपुस्तक शब्द आणि आकार देतं. त्याला वाटणारा अन्याय हा त्याचा हट्ट नाही, अशी खात्री देतं. पुढे ते मूल काय करेल हे पुस्तकाच्या हातात नाही. तसा दावा करणारं पुस्तक मुलाला हुकूम सोडू लागतं आणि हुकमाने घडलेला चांगुलपणा हुकूम देणारा बदलला की बदलतो.

निपुणच्या नंतर जी मोहीम येईल, तिच्याकडे म्हणून तीन साध्या अपेक्षा ठेवायला हव्यात. पुस्तकनिवडीत बोधाला गुण देणं बंद व्हावं. चित्रकाराला लेखकाइतकं नाव आणि स्वामित्वधन मिळावं. आणि मराठी चित्रपुस्तकांत मराठी मुलांची सगळी घरं यावीत. ऊसतोडणीसाठी दर वर्षी बीडहून निघणाऱ्या बैलगाडीतली, मेळघाटातली, डोंबिवलीच्या चाळीतली, मालवणीतली. या मुलांना त्यांच्याच जगाची गोष्ट सांगायला मराठीत लेखक आणि चित्रकार मिळत नसतील, तर त्याचा दोष मुलांच्या वाचनवेगाला देता येणार नाही.