विश्लेषण : मंगळावरची छायाचित्रे घरबसल्या चाळणारे हौशी अभ्यासक नेमके काय शोधतात?

मंगळावरील ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरने १८ जानेवारी २०२४ रोजी ७२वे आणि शेवटचे उड्डाण केले. उतरताना पात्यांचे नुकसान झाल्याने मोहीम संपल्याचे ‘नासा’ने जाहीर केले. पाते टोकाला तुटले असावे, असा तेव्हाचा अंदाज होता. महिनाभराने ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरने दुरून टिपलेली छायाचित्रे पृथ्वीवर आली. जर्मनीतील एका विद्यार्थ्याने ती एकत्र जोडून स्पष्ट केली, तेव्हा दिसले की एक पाते मुळापासूनच निखळले आहे आणि सुमारे १५ मीटरवर वाळूत पडले आहे. हा विद्यार्थी नासाचा कर्मचारी नव्हता. त्याने वापरलेली छायाचित्रे तुम्हाला-आम्हालाही तेव्हाच उपलब्ध होती. अशा हौशी मंडळींचा हा उद्योग कसा चालतो आणि त्याचा उपयोग काय, हे पाहू.

छायाचित्रे सर्वांसाठी कधी खुली झाली?

जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपर्च्युनिटी’ हे जुळे रोव्हर मंगळावर उतरले. अंतराळ मोहिमेतील माहिती काही महिने शास्त्रज्ञांकडे राहायची, त्यांचे शोधनिबंध तयार झाले की मग बाहेर यायची, असा तोवरचा सर्वसाधारण प्रघात होता. या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स आणि त्यांच्या चमूने तो मोडला. छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली की कोणतीही निवड न करता थेट इंटरनेटवर टाकली जाऊ लागली. करदात्यांच्या पैशातून चाललेली मोहीम करदात्यांना रोजच्या रोज दिसावी, हा त्यामागचा विचार होता. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ने आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्सने हीच पद्धत पुढे चालवली. त्यामुळे अनेकदा शास्त्रज्ञ आणि शाळकरी मुलगा एकाच दिवशी तेच छायाचित्र पाहत असतात.

‘कच्चे’ छायाचित्र म्हणजे काय?

रोव्हर छायाचित्रे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांकडे पाठवतो आणि तेथून ती पृथ्वीवर येतात. आलेली छायाचित्रे लहान-लहान तुकड्यांत, कधी कृष्णधवल, कधी धुळीच्या तांबूस छटेत असतात. अनेक तुकडे कडेला कडा जुळवून जोडले की एक सलग देखावा तयार होतो. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटीच्या मुख्य कॅमेऱ्यांना रंग थेट दिसतच नव्हते. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून एकाच दृश्याची छायाचित्रे घ्यायची आणि ती एकमेकांवर ठेवून रंगीत चित्र तयार करायचे, अशी ती पद्धत होती. हौशींनी हे तंत्र आत्मसात केले. रंग बरोबर आहेत की नाही हे ताडण्यासाठी रोव्हरवर एक रंगपट्टी बसवलेली असते. तिचे छायाचित्र पाहून बाकीच्या चित्रातील रंग दुरुस्त करता येतात.

एकच देखावा एका ठिकाणी तपकिरी आकाशाखाली आणि दुसरीकडे निळसर आकाशाखाली दिसतो, त्याचे कारणही हेच. पृथ्वीवरच्या उजेडात ते खडक कसे दिसतील हे कळावे म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ मुद्दाम रंग बदलून घेतात. त्यात लपवाछपवी काही नसते.

ब्रिटनमधील डग एलिसन हे असेच एक हौशी. पुढे ते नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत (जेपीएल) रुजू झाले आणि क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांच्या कामात सहभागी झाले.

हौशींच्या हाती आजवर काय लागले?

पर्सिव्हरन्स उतरतानाची चित्रफीत २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. पॅराशूटच्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची रचना विचित्र होती आणि त्यात काही दडलेले असू शकते, असा इशारा अभियंत्यांनी पत्रकार परिषदेत दिला होता. काही तासांतच हौशींनी पट्ट्यांना शून्य आणि एक मानून संदेश उलगडला. ‘डेअर मायटी थिंग्ज’, म्हणजे मोठ्या साहसाला भिडा, हे जेपीएलचे ब्रीद त्यात होते आणि बाहेरच्या कड्यात त्याच संस्थेचे अक्षांश-रेखांश होते.

कक्षेतील यानांनी टिपलेल्या छायाचित्रांतूनही असे शोध लागले आहेत. सोव्हिएत संघाचे ‘मार्स-३’ हे यान डिसेंबर १९७१ मध्ये मंगळावर उतरले आणि काही सेकंदांतच मुके झाले. चार दशकांनी रशियातील हौशींनी नासाच्या यानाने घेतलेले छायाचित्र बारकाईने तपासून त्याचे बहुधा अवशेष असलेल्या जागा दाखवल्या. भारतीयांना जवळचे उदाहरण चंद्रावरचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’चे विक्रम लँडर कोसळले. चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी कोसळण्याआधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून एकेक ठिपका पडताळला. नंतरच्या चित्रात त्यांना एक जादा पांढरा ठिपका सापडला. नासाने अधिक छायाचित्रे घेऊन खात्री केली आणि डिसेंबरमध्ये त्याचे श्रेय जाहीरपणे त्यांना दिले.

रोव्हरला याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का?

होतो, आणि तो जीवनमरणाचा असू शकतो. स्पिरिट २००९ मध्ये मऊ वाळूत रुतला तो कायमचाच. मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही. क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना टोकदार खडकांनी भोके पाडली. म्हणजे पुढची जमीन वाळूची आहे की खडकाची हे आधी कळणे गरजेचे. संदेश पोहोचायला अनेक मिनिटे लागत असल्याने पृथ्वीवरून स्टीअरिंग फिरवता येत नाही. रोव्हरला जमीन ओळखायला शिकवावे लागते.

त्यासाठी जेपीएलने २०२० मध्ये ‘एआयफॉरमार्स’ हा उपक्रम सुरू केला. रोव्हरच्या छायाचित्रात वाळू, माती, सलग खडक आणि मोठा दगड यांच्या सीमारेषा स्वयंसेवकांनी आखायच्या, असे काम. एक छायाचित्र अनेकांकडे जाते आणि बहुमत जुळले तरच ती आखणी धरली जाते. त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याकडून झाकली जाते. सुमारे ३५ हजार छायाचित्रांवर ३ लाखांहून अधिक अशा नोंदी जमा झाल्या आणि संगणकाला जमीन ओळखायला शिकवण्यासाठी त्या वापरता येऊ लागल्या.

मग ‘मंगळावर दरवाजा’ हे काय होते?

खुल्या छायाचित्रांचीच ही दुसरी बाजू. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या एका छायाचित्रात खडकात कोरलेला दरवाजा दिसला आणि जगभर फिरला. प्रत्यक्षात ती खडकातली एक भेग होती, उंची जेमतेम ३० सेंटीमीटर. त्यातून मांजर जाऊ शकेल, माणूस नाही. डिसेंबर २०१३ मधील छायाचित्रात ऑपर्च्युनिटीसमोर काहीच नव्हते, आणि १२ मंगळदिवसांनी त्याच जागी जेलीने भरलेल्या डोनटसारखा दगड दिसला. बुरशीपासून परग्रहवासीयांपर्यंत तर्क झाले, एकाने न्यायालयातही धाव घेतली. रोव्हर थोडा पुढे सरकल्यावर उलगडा झाला. त्याच्याच चाकाखाली एक दगड फुटला होता आणि त्याचा तुकडा उडून तेथे पडला होता. १९७६ मध्ये ‘व्हायकिंग-१’ने टिपलेला ‘मंगळावरचा चेहरा’ही पुढे जास्त स्पष्ट छायाचित्रांत साधी टेकडी ठरला.

ढगांत हत्ती दिसावा तसे आपल्या मेंदूला अनोळखी आकारात ओळखीचे चेहरे दिसतात. हौशी अभ्यासक आणि अफवा पसरवणारा, दोघांकडे छायाचित्र एकच असते. फरक पडतो तो पुढच्या प्रश्नाने. पहिला विचारतो, ‘हे किती मोठे आहे आणि आदल्या छायाचित्रात होते का?’ दुसऱ्याला त्याची गरज वाटत नाही. पर्सिव्हरन्सला जुलै २०२४ मध्ये एका खडकावर बिबट्यासारखे ठिपके आढळले. ते प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असण्याची शक्यता शास्त्रज्ञांनी मांडली, पण इतर तज्ज्ञांची तपासणी होऊन शोधनिबंध छापून यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. त्यातही ‘शक्यता’ हाच शब्द कायम राहिला.

मोबाइलवर आलेला फोटो कसा तपासायचा?

चार गोष्टी पाहाव्यात. एक, कोणता रोव्हर आणि कितवा ‘सोल’, म्हणजे मंगळदिवस, याचा उल्लेख आहे का? नासाच्या मूळ छायाचित्राच्या फाइलच्या नावातच कॅमेरा आणि अनेकदा सोलही नोंदलेला असतो. उल्लेखच नसेल तर शंका घ्यावी. दोन, आकार किती? शेजारी क्युरिऑसिटी किंवा पर्सिव्हरन्सचे चाक दिसत असेल तर ते सुमारे ५० सेंटीमीटर व्यासाचे आहे, हे लक्षात ठेवावे. तीन, त्याच वस्तूचे दुसऱ्या कोनातून किंवा दुसऱ्या वेळी घेतलेले छायाचित्र शोधावे. सावलीने तयार झालेला आकार ऊन फिरले की विरघळतो. चार, छायाचित्राचा केवळ कापलेला तुकडाच फिरतो आहे का, हे पाहावे. पूर्ण देखाव्यात बहुतेक ‘दरवाजे’ शेजारच्या भेगांसारखेच दिसतात.

भारतातील हौशींना वाव आहे का?

नासाच्या रोव्हरची छायाचित्रे कोणत्याही देशातून, पैसे न भरता पाहता येतात. जोडणीची मोफत सॉफ्टवेअरही मिळतात. ‘इस्रो’नेही आपली माहिती ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्यांसाठी ठेवली आहे. ‘चांद्रयान-३’च्या लँडरची आणि ‘प्रज्ञान’ रोव्हरची माहिती २३ ऑगस्ट २०२४ रोजी, चंद्रावर उतरल्याला वर्ष झाले त्या दिवशी, खुली करण्यात आली. मात्र मोहीम सुरू असताना रोज कच्ची छायाचित्रे मिळणे आणि वर्षाने संग्रह मिळणे यांत फरक आहे. विक्रमचा तो ठिपका सापडला, कारण शोध चालू असतानाच छायाचित्र लोकांच्या हाती होते. भारताचे पुढचे रोव्हर उतरतील तेव्हा त्यांची छायाचित्रे किती लवकर खुली होतात, यावर चेन्नईसारखे आणखी किती डोळे कामाला लागतील हे ठरेल.