पडद्यावरची वस्ती आणि जबाबदारीचा हिशेब

महानगरांच्या गरीब वस्त्यांत वाढणाऱ्या, शाळेतून गळालेल्या आणि टोळीच्या आश्रयाला गेलेल्या मुलांवरचे चित्रपट जगभर निघतात, गाजतात, पारितोषिके मिळवतात. त्यांच्यावरचे दोन आक्षेपही ठरलेले असतात. एक पक्ष म्हणतो, हे चित्रपट गुंडगिरीला वलय देतात आणि पोरे बिघडवतात. दुसरा म्हणतो, दारिद्र्याचे प्रदर्शन मांडून ते बक्षिसे लुटतात. दोन्ही आक्षेपांत थोडेफार तथ्य आहे; परंतु मूळ प्रश्नाला त्यांपैकी एकही भिडत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पिस्तूल आले, तर त्या कृत्याची जबाबदारी कोणाची आणि किती, हा तो प्रश्न होय. चित्रपटाने हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला आहे काय, आणि तो मांडताना स्वतःच्या नावावरचे देणे दाखवले आहे की लपवले आहे, यावर त्याची नैतिक पारख झाली पाहिजे.

दोन सोपी उत्तरे

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. मुलगा मुळातच वाईट, हे पहिले. आणि परिस्थितीनेच त्याला तसे घडवले, हे दुसरे. राज कपूर यांच्या ‘आवारा’ने (१९५१) पहिल्या उत्तराला न्यायालयात खेचले. चोराचा मुलगा चोरच निपजणार, हा न्यायाधीशाचा सिद्धांत अखेर त्याच्याच मुलावर उलटतो. त्या काळी हे ठणकावून सांगण्याची गरज होती. परंतु दुसरे उत्तरही पुरते खरे नाही. सारे काही परिस्थितीच करते असे मानले, तर मुलगा निर्दोष ठरतो खरा. पण त्याबरोबरच तो वाऱ्यावरचा पाचोळाही ठरतो. ज्याला दोष देता येत नाही त्याला श्रेयही देता येत नाही. मग त्याच गल्लीत, त्याच उपासमारीत राहूनही जी मुले वाममार्गाला लागत नाहीत, त्यांच्या निग्रहाला काही अर्थच उरत नाही.

‘दीवार’मधील (१९७५) एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. पाव चोरून पळणाऱ्या मुलाच्या पायावर पोलीस अधिकारी रवी गोळी झाडतो आणि मागाहून त्याच्या घरी अन्न घेऊन जातो. आई त्याच्यावर संतापते. परंतु बाप, जो निवृत्त शिक्षक आहे, चोरी ती चोरीच असे बजावतो. त्या बापाला असे बोलण्याचा अधिकार आहे, कारण तोही त्याच घरात उपाशी आहे. मात्र आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या घरात पाव का नसावा, हे त्या प्रसंगात कोणी विचारीत नाही. मुलाचा वाटा सांगून झाला. इतरांचा वाटा कोऱ्या पानावरच राहिला.

लॉस एंजेलिसचे उदाहरण

हा हिशेब बराचसा पूर्ण करणारा एक चित्रपट म्हणजे जॉन सिंगलटन या अवघ्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘बॉइझ एन द हूड’ (१९९१). लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील एका गल्लीत ट्रे, डोबॉय आणि रिकी ही मुले वाढतात. ट्रेला त्याच्या आईने वेळीच बापाकडे सोपवले आहे. डोबॉय आणि रिकी हे सावत्र भाऊ आईपाशी आहेत. रिकी उत्तम फुटबॉलपटू आहे. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी त्याला प्रवेश परीक्षेत सातशे गुण हवे आहेत. एका क्षुल्लक भांडणापायी टोळीतील मुले त्याला भर दिवसा गोळ्या घालतात. त्यानंतर आई परीक्षेच्या निकालाचा लिफाफा फोडते, तेव्हा त्यात सातशे दहा गुण असतात.

सूड घेण्यासाठी डोबॉय मोटार काढतो आणि ट्रेही तीत बसतो. मित्राचे रक्त अजून त्याच्या डोळ्यांपुढे आहे. तरीही वाटेत तो गाडी थांबवायला सांगतो आणि उतरतो. चित्रपटाचे सारे नैतिक बळ या उतरण्यात आहे. डोबॉय पुढे जातो, सूड घेतो आणि पंधरवड्याने स्वतःही मारला जातो. दोघे एकाच गल्लीतले. पण एकाने एक निवडले, दुसऱ्याने दुसरे. दिग्दर्शक डोबॉयला निर्दोष ठरवीत नाही, आणि त्याला राक्षसही करीत नाही. जगाला आपल्या गल्लीत काय चालते याची पर्वाच नाही, ही त्याची अखेरची खंत प्रेक्षकाला ऐकून घ्यावीच लागते.

अर्थशास्त्रात निवडीचा विचार नेहमी मर्यादांच्या संदर्भात केला जातो. बाजारात काय मांडले आहे हे ग्राहक ठरवीत नाही. मांडलेल्यातून काय घ्यायचे एवढेच तो ठरवतो. ट्रेच्या बापाला हे नेमके उमगले आहे. आमच्या वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर दारूची आणि बंदुकांची दुकानेच का, आणि आमच्यापैकी कोणाकडे विमाने-जहाजे नसताना अमली पदार्थ येथवर येतात कसे, असे तो मुलांना विचारतो. पण त्यानंतर तो मुलाला घराची कामे लावतो, वेळेवर घरी यायला सांगतो, स्वतःच्या कृत्याचा जबाब मागतो. समाजाचा दोष मुलाची सबब होत नाही, आणि मुलाचा दोष समाजाची सुटका होत नाही.

तथापि या हिशेबातही दोन रकमा कमी पडल्या आहेत. पहिली कारखान्यांची. याच परिसरात गुडइयर आणि फायरस्टोन यांचे टायरचे कारखाने होते, साउथ गेट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. १९८० च्या आसपास टायरचे कारखाने बंद झाले, १९८२ मध्ये मोटारींचाही झाला. शालेय शिक्षणावर मिळणारी, कुटुंब पोसणारी नोकरी त्यांच्याबरोबर नाहीशी झाली. मुलाला टोळी खुणावते ती अशा रिकाम्या जागेतून. पडद्यावर मात्र त्या बंद फाटकांना स्थान नाही. दुसरी रक्कम आयांची. बाप खंबीर म्हणून ट्रे वाचला आणि बाप नाही म्हणून डोबॉय बुडाला, असा निष्कर्ष प्रेक्षक सहज काढू शकतो. एकट्या आईवर जगाचे ओझे टाकून वर तिच्याकडेच बोट दाखवणे, हा काही न्याय नव्हे.

कॅमेऱ्याचे देणे

आता चित्रपटाच्या स्वतःच्या जबाबदारीकडे वळू. अशा चित्रपटांत पुष्कळदा वस्तीतलीच मुले काम करतात. त्यांचे चेहरे, त्यांची भाषा, त्यांचे भय हे निर्मितीचे भांडवलच असते. त्याचा मोबदला एकदा दिला जातो. त्यातून निर्माण होणारी कीर्ती आणि उत्पन्न मात्र पुढे वर्षानुवर्षे चालू राहते.

हेक्टर बाबेंको यांच्या ‘पिशोटे’ (१९८०) या ब्राझिली चित्रपटात सुधारगृहातून पळालेल्या मुलाची भूमिका फर्नांदो रामोस दा सिल्वा या साओ पाउलोजवळच्या गरीब वस्तीतील मुलाने केली. चित्रपट जगभर वाखाणला गेला. फर्नांदोला दूरचित्रवाणीवर काम मिळाले. पण संवाद वाचण्याइतकी अक्षरओळख नसल्यामुळे ते टिकले नाही. १९८७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. यासाठी दिग्दर्शकाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु अक्षरओळखीची उणीव चित्रीकरणाच्या महिन्यांतच भरून काढण्याचा प्रयत्न सुरू झाला असता, तर तो निर्मितीच्या खर्चात फार मोठा ठरला नसता, असे म्हणणे अन्यायाचे नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांवर मीरा नायर यांनी काढलेला ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) या बाबतीत एक पाऊल पुढे गेला. त्याच वर्षी चित्रपटाच्या उत्पन्नातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला आणि दिल्ली-मुंबईतील बेघर मुलांचे काम त्याने दीर्घकाळ केले. तरीही ज्या शफीक सय्यदने त्यातील प्रमुख भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, तो पुढे बंगळुरात रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणे हे प्रतिष्ठेचेच काम आहे. त्यात खेद करण्यासारखे काही नाही. खेद याचा की, देशाने ज्या गुणावर शिक्कामोर्तब केले, त्याला फार काळ दार उघडे राहिले नाही. संस्थेने अनेकांना हात दिला. उद्योगाला मात्र शफीकला सामावून घेणे साधले नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणतो. त्यातली झोपडपट्टी आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत कोणा गुंडाने बांधलेली नाही. ती तुमच्या-आमच्यासारख्या सभ्य, सुशिक्षित माणसांनी बांधली आहे आणि तिच्या डागडुजीची वर्गणीही आपणच भरतो. प्रेक्षकाचा वाटा दाखवण्याचे हे धैर्य दुर्मिळ आहे.

लहान की मोठा?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहिलेला नाही. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, अतिगंभीर गुन्ह्याच्या बाबतीत आणि प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. दुसरीकडे, बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराला काही संरक्षण दिले: दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, आणि कमाईचा निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. मात्र त्या कायद्याच्या लेखी ‘बालक’ म्हणजे साधारणतः चौदा वर्षांखालील. ज्या वयाच्या मुलांवर हे चित्रपट निघतात, ती मुले नेमकी या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. गुन्ह्याची जबाबदारी घेण्यापुरता मुलगा सोळाव्या वर्षी मोठा ठरू शकतो; कमाईच्या संरक्षणापुरता तो चौदाव्या वर्षीच लहान राहत नाही. दोन्ही बाजूंनी तोटा त्याचाच.

म्हणून मागणी साधी आहे. ठेवीची आणि कामाच्या तासांची तरतूद अठराव्या वर्षापर्यंत लागू करावी. आणि वस्तीतील मुलांना घेऊन चित्रपट काढणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने त्यांच्या शाळेचा खर्च वेषभूषेच्या आणि प्रकाशयोजनेच्या खर्चाप्रमाणेच अंदाजपत्रकात धरावा. हे औदार्य नव्हे, घेतलेल्या मालाची ती किंमत आहे. गाडीतून उतरण्याचे बळ मुलाने दाखवावे, अशी अपेक्षा आपण जरूर करावी. पण उतरल्यावर पाय ठेवायला जागा असावी, हे पाहणे त्याचे काम नाही.