शूमानचे संगीतपत्र

युरोपीय अभिजात संगीतात कोणाचे नवे काम ऐकावे, हे जाणकारीने सांगणारे एक प्रभावी नियतकालिक रॉबर्ट शूमान या संगीतकाराने सहकाऱ्यांसह १८३४ मध्ये लाइपझिग येथे सुरू केले. ‘नॉये त्साइटश्रिफ्ट फ्यूर म्युझिक’ हे त्याचे नाव. संगीतपत्रे त्याआधीही होती. त्याच शहरात १७९८ पासून निघणाऱ्या पत्रात हॉफमनने १८१० मध्ये बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे गाजलेले परीक्षण लिहिले. शूमानने मात्र परीक्षणांत उतावळा फ्लोरेस्टान आणि स्वप्नाळू युसेबियस अशी दोन पात्रे बोलती केली. त्यामुळे एकाच रचनेवरची दोन मते वाचकाला मिळत.

त्याची सर्वांत मोलाची शिफारस शूबर्टची. व्हिएन्नात दिवंगत शूबर्टच्या भावाकडे पडून असलेल्या हस्तलिखितांत शूमानला सी मेजरमधील भव्य सिंफनी दिसली. ती लाइपझिगला पाठवली गेली आणि १८३९ मध्ये मेंडेल्सनने तिचा प्रयोग केला. पुढच्या वर्षी शूमानने तिच्यावर विस्ताराने लिहिले. १८४४ मध्ये त्याने संपादन सोडले, तरी १८५३ मध्ये वीस वर्षांच्या ब्राम्सची ओळख त्याने याच पत्रातून करून दिली. शूबर्टवरचा तो लेख संगीतावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.