वैशाखातले टेनिस

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. पुतण्या आणि पुतणी, दोघेही टेनिस खेळतात. पुतण्याने रॅकेट उचलली तर त्यास कोणी काही विचारीत नाही, पुतणीने उचलली की मातोश्री म्हणावयाच्या, "अगं, एवढ्या उन्हात? रंग करपेल ना!" गतवर्षी वैशाखात असेच झाले. मुलगी घरी बसविली गेली. मुलगा उघड्या डोक्याने, बिनबाह्यांचा पातळ सदरा घालून कोर्टावर गेला. दीड तासाने मित्रांच्या खांद्यांवर भार टाकून तो परतला. डोके ठणकत होते, ओकाऱ्या होत होत्या, मान भाजल्यासारखी लाल झाली होती. डॉक्टर येईपर्यंत आम्ही त्यास पंख्याखाली निजवून ओल्या फडक्यांनी अंग पुशीत होतो. ओकारी थांबल्यावर मीठसाखरेचे पाणी घोटघोट पाजले, तेव्हा तो सावरला. जर हा बरळू लागला असता, तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळात न्यावे लागले असते, असे डॉक्टरांनी बजावले. ज्या मुलीच्या वर्णाची चिंता वाहिली ती सुरक्षित राहिली, आणि ज्याची कोणासच चिंता नव्हती तो संकटात सापडला!

त्यानंतर आम्ही या विषयात थोडे लक्ष घातले, तेव्हा कळले की ज्याला आपण ऊन म्हणतो त्यात दोन निराळे शत्रू दडलेले आहेत. एक उष्णता, ती अंगास जाणवते. दुसरे अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही तत्काळ लागत नाही. गार वारा सुटला म्हणजे बरे वाटते, पण किरणांत तिळमात्र उणे पडत नाही. विरळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येतात. शिवाय दोघांच्या वेळाही एक नव्हेत. हवा तापते ती तिसऱ्या प्रहरी. किरणांचा जोर मात्र ऐन मध्यान्ही. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो, तोही घड्याळात साडेबाराच्या सुमारास. यावर सोपे माप म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीहून आखूड झाली की कोर्ट सोडावे. त्या दिवसांत पुण्यास हा काळ सकाळी साडेनऊच्या आतबाहेर सुरू होतो आणि दुपारी पावणेचारपर्यंत टिकतो.

येथेच आमची एक तक्रार आहे. ज्या क्लबात आमची मुले जातात, तेथे सुटीतील शिकवणीची वेळ दहा ते बारा! सकाळचे थंड तास वडील सभासदांकरिता राखून ठेवलेले असतात. आम्हीही त्याच सभासदांपैकी एक, म्हणून हे लिहिताना थोडी लाज वाटते.

पोशाखाविषयीही आमचा एक भ्रम दूर झाला. टेनिसचा पांढरा वेष उष्णता परतवितो हे खरे; परंतु पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण सहज आरपार जातात, आणि ते घामाने भिजले की अधिकच जातात. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचा हात दिसला तर ते उन्हास निरुपयोगी समजावे. घट्ट विणीचा, सैल, लांब बाह्यांचा सदरा उत्तम. कॉलर असावी. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूने 1926 साली अमेरिकेतील स्पर्धेत आखूड बाह्यांचा विणलेला सदरा घातला. त्याने बाहू उघडे पडले खरे, पण त्याची मऊ कॉलर उभी करून मान झाकता येत असे. टोपीचेही तसेच. नुसत्या पुढच्या झापेने कान आणि मान उघडीच राहतात. सभोवार काठ असलेली टोपी प्रथम विचित्र दिसते, पुढे डोळ्यांस सवय होते. सर्व्हिस करताना तर मान वर करून सूर्याच्याच दिशेने पाहावे लागते. अतिनील किरण रोखणारा चष्मा त्यासाठी हवा, कारण वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदूचा धोका वाढतो.

उरले सनस्क्रीन. आपल्या सावळ्या कातडीस निसर्गानेच थोडे कवच दिले आहे, हे नाकबूल करून चालणार नाही. पण ते पुरेसे नाही, आणि डोळ्यांना तर त्याचा काहीच उपयोग नाही. एसपीएफ 30 चे मलम दाह करणारे सुमारे 97 टक्के किरण अडविते, 50 चे सुमारे 98 टक्के. म्हणजे आकडा वाढला तरी लाभ त्या मानाने वाढत नाही. खरी चूक प्रमाणात होते. चेहरा आणि मान यांस दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. आमच्याकडे मात्र ते गंधासारखे लावीत! खेळापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. कान, पोटऱ्या व पायांची वरची बाजू विसरू नये. मात्र मलम उष्माघात टाळीत नाही. त्यास सावली, पाणी आणि विश्रांती हेच उपाय.

धडधाकट तरुणास काय होते, असे म्हणणाऱ्यांनी मेलबर्नची हकीकत आठवावी. तेथे जानेवारीत उन्हाळा असतो. 2014 च्या स्पर्धेत फ्रँक डान्सेविच हा कॅनडाचा कसलेला खेळाडू सामना चालू असताना मूर्च्छित झाला. त्यापूर्वी त्यास चित्रकथेतील स्नूपी हा कुत्रा डोळ्यांसमोर दिसू लागला होता. पुढे 2019 पासून त्या स्पर्धेने तापमान, उन्हाची धग, आर्द्रता आणि वारा यांवरून पाच पायऱ्यांचे माप ठरविले. पाचवी पायरी गाठली की उघड्यावरचा खेळ थांबतो. जेथे लक्षावधींची बक्षिसे पणास लागतात तेथे हे चालते, तर आमच्या क्लबास वेळ बदलणे अशक्य का असावे?

अर्ज केला आहे. उत्तर आलेले नाही. तूर्त आम्ही आमचा सकाळचा तास मुलांना दिला आहे. साडेसहाला दोघेही सायकलींवर निघतात. मातोश्री दारात उभ्या असतात, पुतणीस त्या आता काही विचारीत नाहीत, पुतण्यास मात्र थांबवून विचारतात, "मानेला लावलेस का रे?"