बेघरांचा प्रश्न आणि आपली नगरपालिका

सभा संपली की आपण सारे घरी जाऊ. ज्याला घरच नाही, त्याला मात्र आजची रात्र कोठे काढावयाची हे ठरवावे लागेल. त्याच्यासाठी राज्याने व नगरपालिकेने काय केले आणि काय करावयाचे राहिले, ह्याचा विचार आम्ही येथे मांडीत आहो.

प्रथम बेघर कोणास म्हणावे? २०११ च्या जनगणनेने उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली वा फलाटावर राहणारांस बेघर धरले. देशात ते सुमारे १७ लाख ७३ हजार भरले. महाराष्ट्रात दोन लाखांवर. ह्यांत झोपडीवासी नाहीत. हे सारे भिकारी असतात, हा समजही चुकीचा आहे. हमाल, बिगारी, कागद वेचणाऱ्या बाया असे कितीतरी कष्टकरी ह्यांत आहेत. काम मिळते तेथेच ते पथारी पसरतात, कारण रोजचे गाडीभाडे त्यांस परवडत नाही.

ह्या प्रश्नावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे हुसकावणे. १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागणारास पकडून भिक्षेकरीगृहात धाडण्याची सोय केली. १९८१ च्या भरपावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील बिऱ्हाडे उठविण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या पीठाने १९८५ साली निर्णय दिला की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो; मात्र रीतसर नोटीस देऊन पालिकेस पदपथ मोकळे करता येतील. तत्त्व मोठे मिळाले, छप्पर मिळाले नाही.

दुसरा उपाय निवाऱ्याचा. लाख वस्तीमागे एक, बारमास व अहोरात्र उघडा असा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. २०१३ पासूनच्या नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागेचे मानही ठरले. पण निवारा जागा मिळेल तेथे बांधला जातो, आणि माणूस काम असेल तेथे निजतो. पहाटे मंडईत पाटी उचलणारा हमाल दोन कोस दूर निजावयास कसा जाणार? नवरा एकीकडे आणि बायकोमुले दुसरीकडे, अशी सोय कुटुंबाने का पत्करावी?

तिसरा उपाय फिनलंडने केला. २००८ पासून तेथील सरकार व शहरे ह्यांनी करार करून जुन्या निवाऱ्यांच्या सदनिका बनविल्या. रहिवाशाशी भाडेकरार करावयाचा, घर आधी द्यावयाचे; व्यसन, आजार, बेकारी ह्यांवरचे इलाज मागाहून. तो देश लहान व सधन आहे; त्याची नक्कल आपल्याला पेलणार नाही. परंतु क्रम घेण्याजोगा आहे. निवारा ही धर्मशाळा आहे, मुक्काम नव्हे; तेथून स्वस्त भाड्याच्या खोलीकडे वाट हवी. आणि नवे बेघर होऊ नयेत म्हणून, घर पाडण्याआधी पर्यायी जागा व रुग्णालयातून सोडण्याआधी पत्ता, एवढे तरी पाहिले पाहिजे.

आता नागरिकांचे काम. आपल्या आळीत निवारा होणार म्हटले की विरोधाच्या अर्जावर पहिल्या सह्या आपल्याच पडतात, आणि मग निवारा गावाबाहेर जाऊन ओस पडतो. पुढच्या वेळी असा अर्ज दारी आला तर सही करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.